लाल पानांच्या रानातली बेगमी

सप्टेंबर संपत आला की इकडे कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या मराठी घरांत एकच विचारणा सुरू होते, “यंदा पीक कधी?” हे पीक शेतातलं नाही. मेपलच्या झाडांची पानं सगळ्यांत लाल दिसतात त्या चार-सहा दिवसांना इथं इंग्रजीत ‘पीक’ (peak) म्हणतात आणि तो शब्द आता आमच्या मराठीतही रुळला आहे. कुठल्या उद्यानात किती झाडं बदलली याचे अहवाल येतात, टोरोंटोहून उत्तरेला जाणारे रस्ते शनिवार-रविवारी गाड्यांनी भरतात. दसरा याच दिवसांच्या आगेमागे असतो. थालीपिठं बांधून घ्यायची, थर्मासमध्ये चहा भरायचा आणि पहाटे निघायचं, हा अनेक घरांचा दरवर्षीचा नेम आहे.

गेल्या वर्षी अशाच एका सहलीतून रत्नागिरीला आईला फोटो पाठवले. तिचा लगेच फोन आला. “पिकलं पान पिवळं होतं हे मला कळतं रे. पण ही कुंकवासारखी लाल कशी? झाडांना काही रोग नाही ना पडलाय?” फोनवर मला ते धड सांगता आलं नाही. नंतर लक्षात आलं की उत्तर तिच्याच माजघरात आहे. आगोटीच्या आधी, मे महिन्यात, आमच्याकडे सुकी मासळी डब्यात जाते, लोणची बरण्यांत भरली जातात, फणसाच्या साठांना ऊन दाखवलं जातं, लाकडं पडवीत रचली जातात. पुढचे चार महिने बाहेरून काही मिळणार नाही असं धरून केलेली ही बेगमी. उत्तरेतल्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नेमकं हेच चाललेलं असतं, फक्त तिथं पावसाऐवजी बर्फ येणार असतो. लाल पान हाही त्या बेगमीचाच भाग आहे.

## कुठलं हे रान?

मी सांगतो आहे ते अल्गोनक्विन उद्यानाबद्दल. टोरोंटोच्या उत्तरेला गाडीने साधारण तीन तासांवर. १८९३ साली ते राखीव झालं. क्षेत्रफळ सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याहून थोडंसंच लहान. पण एवढ्या मुलखातून गाड्यांसाठी मुख्य रस्ता एकच जातो, साठ नंबरचा महामार्ग, आणि तो उद्यानातून ५६ किलोमीटर धावतो. बाकी सगळं तळी, नद्या, दलदल आणि झाडं. तिथं जायचं तर होडीनं, नाहीतर पायी. ही भूमी मुळात अल्गोनक्विन लोकांची. उद्यानाचं नावही त्यांचंच. शंभर वर्षांपूर्वी टॉम थॉमसन नावाच्या चित्रकारानं इथल्या शरदाची चित्रं काढली आणि कॅनडानं आपल्या रानाकडे बघण्याची नजर बऱ्याच अंशी त्याच्याकडून घेतली. १९१७ साली इथल्याच कनू लेकमध्ये त्याचा मृतदेह सापडला.

या जागेचं वैशिष्ट्य असं की दोन वेगळी रानं इथं एकमेकांत मिसळतात. पश्चिमेच्या टेकड्यांवर रुंद पानांची झाडं आहेत, मेपल, बर्च, बीच. सखल दलदलीत मात्र स्प्रूससारखी सुईच्या पानांची, बारमाही हिरवी झाडं, जी इथून थेट उत्तर ध्रुवाकडच्या पट्ट्यापर्यंत पसरत जातात. पुढे एका पक्ष्याची गोष्ट येईल, तिच्यासाठी हे दोन भाग ध्यानात ठेवा.

## हिरवा रंग जातो म्हणजे काय होतं?

पानातला हिरवा रंग हरितद्रव्याचा, म्हणजे क्लोरोफिलचा. उन्हाच्या जोरावर साखर तयार करण्याचं पानाचं काम याच्या आधारावर चालतं. हे द्रव्य टिकाऊ नाही. उन्हानं ते सतत मोडतं आणि झाड ते सतत नव्यानं बनवतं. त्यासाठी नायट्रोजन लागतो, आणि जमिनीतून मिळवताना झाडाला सगळ्यांत महाग पडणाऱ्या गोष्टींपैकी तो एक आहे.

दिवस लहान होऊ लागले की झाड नवं हरितद्रव्य बनवणं थांबवतं. जुनं मोडून त्यातला आणि पानातल्या प्रथिनांतला नायट्रोजन, फॉस्फरस देठातून फांदीत ओढून घेतं. पानातल्या नायट्रोजनचा साधारण निम्मा, कधी त्याहून जास्त हिस्सा असा परत येतो आणि साल-मुळांत साठवला जातो. घर बदलताना भिंतीतले खिळे, पंखे, दिवे काढून नेतात आणि रिकाम्या भिंती मागे ठेवतात, तसं हे. झाडाला रोग वगैरे काही नसतो. गळून पडणाऱ्या पानातून कामाची वस्तू आधी काढून घेतली जात असते.

हिरवा पडदा सरला की मागचा पिवळा दिसू लागतो. हा पिवळा कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा. ती उन्हाळाभर पानात होतीच, हिरव्यानं झाकलेली. घरात केळ्यांचा हिरवा घड टांगून ठेवला की चार दिवसांत पिवळा होतो, तिथंही मुख्यतः हेच घडतं. सालीतलं हिरवं द्रव्य मोडतं, आधीपासून असलेलं पिवळं उघडं पडतं. बर्च आणि अॅस्पेनची झाडं सोन्यासारखी होतात ती याच वाटेनं.

## मग लाल कुठून आला?

आईचा प्रश्न इथं बिनतोड होता, कारण लाल रंग आधीपासून पानात नसतोच. शुगर मेपल आणि रेड मेपल तो शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत नव्यानं तयार करतात. या रंगद्रव्याचं नाव अँथोसायनिन. नाव अनोळखी असलं तरी वस्तू घरातली आहे. कोकमाचं आगळ लाल आणि जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी होते ती याच कुळातल्या द्रव्यांमुळे.

आता मरायला टेकलेल्या पानात झाड नवा रंग भरण्याचा खर्च का करतं? याचं सगळ्यांत पटणारं स्पष्टीकरण छत्रीचं आहे. हरितद्रव्य मोडत असताना पान नाजूक झालेलं असतं. ऊन तर पडतच असतं, पण त्याचा उपयोग करण्याची यंत्रणा अर्धी उघडलेली असते आणि ते ऊन पेशींना इजा करू शकतं. लाल द्रव्य वरच्या बाजूला येऊन ऊन अडवतं आणि आत नायट्रोजन काढून नेण्याचं काम निवांत पुरं होऊ देतं. लाल रंग तयारच करू न शकणारी काही झुडपं घेऊन संशोधकांनी तुलना केली, तेव्हा भर उन्हात ती नायट्रोजन परत घेण्यात कमी पडली. दुसरा एक विचार असा की लाल रंग मावा किड्यांना ‘इथं अंडी घालू नका’ असं बजावतो. त्यावर वाद चालू आहेत. मला छत्रीची बाजू जास्त पटते, कारण तिचा पुरावा हातात धरून बघता येतो.

लुकआउट ट्रेलच्या चढावर मी एक मेपलचं पान उचललं होतं. पंज्याच्या तीन बोटांवर गडद लाल, पण मधोमध एक स्पष्ट पिवळी आकृती, कडा धारदार, जणू कुणी कातरून चिकटवलेली. नीट पाहिलं तर ती दुसऱ्या पानाच्या टोकाची सावली होती. फांदीवर असताना वर दुसरं पान आडवं आलं होतं. जिथं ऊन पोचलं नाही तिथं छत्री उघडलीच नाही. त्याच कारणानं झाडाचा दक्षिणेकडचा आणि शेंड्याचा भाग आधी आणि जास्त लाल होतो, आतल्या फांद्या पिवळ्याच राहतात. पुढच्या खेपेला झाडाखाली उभं राहून वर बघा, म्हणजे हे लगेच दिसेल.

## थंडी पडली म्हणूनच ना?

पुष्कळांना असं वाटतं, आणि ते अर्धंच खरं आहे. सुरुवातीचा इशारा देतो तो मुख्यतः दिवसाचा प्रकाश. सप्टेंबरच्या शेवटी अल्गोनक्विनमध्ये दिवस रोज तीन मिनिटांहून थोडा जास्त लहान होत जातो. आठवड्यात वीस मिनिटांहून अधिक. थंडी एखाद्या वर्षी लवकर येते, एखाद्या वर्षी उशिरा, पण सूर्य आपलं वेळापत्रक चुकवत नाही. म्हणून झाडं त्याच्यावर विसंबतात.

त्या वर्षीचा रंग कसा असेल ते मात्र हवामान ठरवतं. दिवसा लख्ख ऊन पडलं की पानात साखर बनते. रात्र गार असली की ती साखर देठातून बाहेर पडायला वेळ लागतो. देठाच्या मुळाशी बुचासारखा थर धरू लागलेला असतो, तोही वाट अडवतो. अडकलेल्या साखरेतून लाल रंग चढतो. म्हणून उन्हाचे दिवस आणि गार रात्री लागोपाठ आल्या की टेकड्या पेटल्यासारख्या दिसतात, ढगाळ आणि दमट गेलं तर फिकट. कडक दहिवर पडलं तर उलटाच परिणाम होतो. पान मरून तपकिरी होतं आणि रंगायचं राहूनच जातं.

पान टाकायचंच कशाला, असाही प्रश्न येतो. हिवाळ्यात जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही, आणि रुंद पातळ पान तर पाणी उडवत राहतं. शिवाय पानांवर बर्फ साठला की ओझ्यानं फांद्या मोडतात. स्प्रूसच्या बारीक, मेणचट सुया या दोन्ही अडचणी निभावून नेतात म्हणून ते झाड हिरवं राहतं.

## आपल्याकडे असं का होत नाही?

थोडंसं होतं. मुंबई-पुण्यात रस्त्याकडेला देशी बदामाची झाडं असतात. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांची मोठी पानं गळण्याआधी तांबडीलाल होतात. तोच रंग, तेच द्रव्य. आंब्याची, पिंपळाची कोवळी पालवी तांबूस असते, आणि चैत्राच्या तोंडावर सह्याद्रीत कुसुंब लालभडक होतो, तिथंही नव्या, नाजूक पानाला छत्री धरलेली असते असं समजतात. आपल्याकडे तो रंग मुख्यतः येणाऱ्या पानांत दिसतो, उत्तरेत जाणाऱ्या.

पण अख्खी टेकडी एकाच आठवड्यात बदलत नाही, याचं कारण आपली पानगळ पाण्याच्या टंचाईमुळे होते, आणि पाणी प्रत्येक झाडाखाली वेगळं असतं. ओढ्याकाठचा साग उशिरा पानं टाकतो, माळावरचा आधी. मुंबईत वर्षातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान दिवस यांत सव्वादोन तासांचा फरक आहे. अल्गोनक्विनमध्ये तो साडेसहा तासांहून जास्त. एवढी मोठी घंटा सगळ्या झाडांना एकदमच ऐकू जाते.

## पानांखालची धांदल

रंग बघायला गेलेली बहुतेक माणसं वर बघतात. खाली बघितलं तर तीच बेगमी चालत्या-फिरत्या रूपात दिसते.

बीव्हर, म्हणजे तळ्यात काटक्या-चिखलाचं घर बांधणारा, उंदीर-खारीसारखा कुरतडणारा प्राणी, झोपून हिवाळा काढत नाही. तळं गोठल्यावर तो बर्फाखाली, आपल्या घरात जागा असतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये तो अॅस्पेन, बर्चच्या फांद्या तोडून घरासमोर पाण्यात रोवून ठेवतो. वर बर्फ जमला तरी खालचं पाणी गोठत नाही, आणि त्या थंडगार पाण्यात साल महिनोन् महिने ताजी राहते. एका संध्याकाळी बीव्हर पॉन्ड ट्रेलच्या काठावर मी त्याला पाहिलं. पाण्यावर एक पिवळ्या पानांची फांदी आपोआप सरकत येत होती, पुढे फक्त एक ओलं काळं डोकं. घराशी येऊन तो बुडाला. फांदी उभी झाली, थरथरली, आणि पानांसकट खाली गेली. मग तो हातांत चिखल धरून छातीशी दाबत वर आला आणि काटक्यांच्या ढिगावर थापू लागला. आमच्याकडे कुडाच्या भिंती लिंपत असत, अगदी तसा. हे लिंपण गोठलं की दगडासारखं होतं आणि लांडग्यालाही उकरता येत नाही.

काळ्या अस्वलाची बेगमी अंगावर असते. या दिवसांत ते दिवसाचे वीस-वीस तास खात राहतं. बीचच्या बिया, ओकची फळं, बोरं, जे सापडेल ते. मादीची गोष्ट मला थक्क करते. तिचा समागम जूनच्या सुमारास होतो, पण गर्भ तिच्या पोटात वाढीविना तरंगत राहतो. नोव्हेंबरपर्यंत अंगावर पुरेशी चरबी चढली तरच तो गर्भाशयाला चिकटतो आणि वाढतो. चरबी नसेल तर पिल्लं होतच नाहीत. त्या वर्षी बिया किती पडल्या, यावर तिचं बाळंतपण ठरतं.

नर मूस मात्र उलटं वागतो. साडेचारशे किलोंचं हे हरणकुळातलं जनावर उन्हाळाभर खाऊन जे कमावतं ते सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत माद्यांच्या मागे आणि झुंजीत खर्चून टाकतं. त्या दिवसांत ते जवळजवळ खातच नाही. सकाळच्या धुक्यात त्याचा खोल, घशातला हुंकार ऐकू आला तर गाडीतून उतरू नका. एरवी शांत असणारा नर या महिन्यात माणसावरही धावतो.

आणि पालापाचोळ्याखाली, अगदी तुमच्या बुटाजवळ, लाकडी रंगाचा एक छोटा बेडूक बसलेला असू शकतो. वूड फ्रॉग. हा हिवाळ्यात चक्क गोठतो. हृदय थांबतं, श्वास थांबतो, अंगातल्या पाण्याचा निम्म्याहून जास्त भाग बर्फ होतो. गोठू लागताच यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि ती पेशींना आतून वाचवते. वसंतात वितळून तो उड्या मारत तळ्याकडे जातो. मेपल साखरेचा साठा बुंध्यात आणि मुळांत ठेवतो, हा यकृतात. मार्चमध्ये मेपलचा तो साठा रस होऊन वर चढतो तेव्हा माणसं त्यातला वाटा काढतात. सुमारे ४० लिटर रस आटवला की एक लिटर मेपल सिरप होतं.

## हिवाळा सौम्य झाला तर प्राण्यांचं बरंच की!

हे मला अनेकांनी म्हटलं आहे, आणि वरवर ते बरोबर वाटतं. थंडी कमी, त्रास कमी. पण बेगमी करणाऱ्या घराला विचारा. पावसाळा उशिरा आला आणि हवा नुसतीच दमट राहिली तर सुक्या मासळीचं काय होतं? लोणच्यात पाणी गेलं तर?

‘कॅनडा जे’ (jay) हा करड्या रंगाचा, जेमतेम सत्तर ग्रॅमचा पक्षी. तो दक्षिणेला जात नाही. शरदात किडे, बोरं, मेलेल्या जनावराचं मांस असं मिळेल ते घेऊन हजारो ठिकाणी लपवतो. स्प्रूस बॉगच्या फळ्यांच्या वाटेवर तो माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. चोचीत काहीतरी गडद, ओलसर. त्यानं ते घशाकडे घेतलं, तोंडात घोळवलं, पुन्हा बाहेर काढलं. आता त्यावर चकचकीत थुंकी होती. ही थुंकी गोंदासारखी चिकट असते. मग काळ्या स्प्रूसच्या सालीचा एक पापुद्रा बघून त्याखाली त्यानं तो गोळा दाबला, दोनदा चोचीनं ठोकला, आणि शेजारचं दगडफुलाचं तूस ओढून वर झाकण घातलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. मग दुसऱ्या झाडाकडे.

यातला बराचसा माल नासणारा आहे. तो टिकतो तो थंडीवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये, भोवती बर्फ असताना, हा पक्षी घरटं बांधून अंडी घालतो आणि पुढे पिल्लांनाही याच साठ्यातलं भरवतो. शरद लांबला, किंवा एक दिवस गोठलं आणि दुसऱ्या दिवशी वितळलं असं वारंवार झालं, की साठा सडतो. अल्गोनक्विनमध्ये या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कड्या घालून कित्येक दशकं नोंदी ठेवल्या गेल्या आहेत. त्या अभ्यासाच्या भागात त्यांची संख्या निम्म्याहून खाली आली आहे, आणि ऊबदार शरदानंतरच्या वसंतात पिल्लांचं प्रमाण घटलेलं दिसतं.

इथं ती दोन रानं आठवा. मेपलच्या टेकड्यांवरचे हे पक्षी जवळपास नाहीसे झाले. जे टिकले ते स्प्रूस, पाइनच्या भागात. कारण त्या झाडांच्या सालीतला राळेसारखा चीक बुरशी-जंतूंना आवरतो आणि त्याखाली ठेवलेलं अन्न जास्त दिवस चांगलं राहतं. मिठा-तेलात मुरवलेली फोड टिकते, साध्या वाटीतली नासते. एवढासा पक्षी आणि त्याचं जगणं सालीच्या निवडीवर येऊन ठेपलं आहे. अल्गोनक्विन त्याच्या मुलखाच्या दक्षिण कडेला आहे, म्हणून फटका इथं आधी बसतो. ऊबदार ऑक्टोबरात लोक जाकिटं काढून फोटो घेतात तेव्हा मला ते पापुद्रे आठवतात, आणि खरंच काळजी वाटते.

## जायचं तर असं जा

शुगर मेपल साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भरात येतात. बर्च-अॅस्पेनचा पिवळा त्यानंतर. आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, गर्दी ओसरल्यावर, दलदलीतला टॅमरॅक सोनेरी होतो. सुयांचं झाड असूनही हा पानं गाळतो. माझ्या मते जनावरं बघण्यासाठी हेच दिवस जास्त चांगले. पानं गेलेली असतात, दूरवर दिसतं, आवाज ऐकू येतो. दिवसाचा वाहन-परवाना आधीच ऑनलाइन काढून ठेवा. रंगांच्या दिवसांत तो संपून जातो आणि लोक प्रवेशद्वारावरून परत फिरतात. कुणालाही खायला घालू नका, गाडी रस्त्यात मध्येच उभी करू नका.

साठ नंबरच्या रस्त्यावर पश्चिमेच्या प्रवेशद्वारापासून बेचाळीस-साडेबेचाळीस किलोमीटरवर स्प्रूस बॉगची वाट आहे, दीड किलोमीटरची, लहान मुलांनाही जमेल अशी. सकाळी लवकर जा आणि फळ्यांवर दहा मिनिटं गप्प उभे राहा. करडा पक्षी आवाज न करता येतो. जवळ बसला तर आधी त्याच्या पायांकडे बघा. डाव्या पायात कुठले रंग, उजव्यात कुठले, वर कुठला, खाली कुठला, हे तिथल्या तिथं लिहून घ्या. प्रत्येक पक्ष्याची जोडणी वेगळी असते. तिथून जवळच अभ्यागत केंद्र आहे. आत जाऊन ती ओळ त्यांना सांगा.